अर्धे पैसे, एक मत

माझा मोठा मामा एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होता आणि त्यापायी त्याचे दोन्ही गुडघे गेले. ऐकणाऱ्याला गंमत वाटते, पण त्यात नवल काही नाही. चालू लिफ्टसाठी मेकॅनिकला कोणी बोलावत नाही. बंद पडली की बोलावतात, आणि मग त्याला हत्यारांची पिशवी खांद्याला लावून नवव्या मजल्यावरच्या मशीनरूमपर्यंत जिन्यानेच जावं लागतं. वर पोचला की खालून कोणीतरी ओरडून विचारतं, अजून किती वेळ?

मामाने लग्न केलं नाही. का, ते त्याने कधी सांगितलं नाही आणि आम्हीही फार खोदून विचारलं नाही. एका जुन्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली भाड्याने घेऊन तो चोवीस वर्षं राहिला. बोलणं बेताचं. आमच्याकडे आला की चहा घ्यायचा, दाराची कुरकुरणारी बिजागरी हलवून बघायचा, खिशातून तेलाची छोटी बाटली काढायचा आणि कुणाला न सांगता काम उरकून जायचा.

अशा माणसाने एका रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून एका दमात सहा-सात वाक्यं उच्चारली, तेव्हाच काहीतरी मोठं आहे हे आम्हाला कळायला हवं होतं. तो ज्या इमारतीची लिफ्ट सांभाळायचा तिथे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट विकायचा होता. मालक घाईत होते, किंमत रास्त होती. इमारत आतून-बाहेरून त्याच्या माहितीची होती; कुठली भिंत ओल धरते हे तो मालकापेक्षा जास्त जाणत होता. निम्मे पैसे त्याच्याकडे होते. माझी आई, म्हणजे त्याची बहीण, आणि धाकटा मामा यांनी चतकोर-चतकोर घातले तर घर घेऊन भाड्याने देता येईल, असं त्याचं म्हणणं. पुढे गुडघे साथ देईनासे झाले की भाड्याचा आधार होईल.

आई हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसायची. दिवसभर लोकांना "थांबा, जोडून देते" सांगून ती घरी यायची, आणि घरी मात्र कुणाला थांबवून ठेवणं तिला आवडायचं नाही. ती लगेच म्हणाली, घेऊ या. धाकट्या मामाचं पडद्यांचं दुकान होतं आणि तेव्हा ते बरं चाललं होतं. तोही हो म्हणाला. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील.

मग बाबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "पण घ्यायचं कुणाच्या नावावर?"

माझ्या वडिलांबद्दल इथे थोडं सांगायला हवं. ते एका मोठ्या कचेरीच्या अभिलेख विभागातून निवृत्त झाले होते. तिथे त्यांच्या हाताखाली चार कारकून आणि अकरा हजार फायली होत्या. घरी आल्यावर त्यांच्या हाताखाली फक्त मी उरले. निवृत्तीनंतरच्या तीन वर्षांत त्यांनी किराणा सामानाच्या पावत्यांना अनुक्रमांक दिले होते, आणि त्यातही आता काही राम उरला नव्हता. अशा माणसासमोर कोणी "मालकी कोणत्या स्वरूपात असावी" हा प्रश्न ठेवणं म्हणजे उपाशी माणसासमोर ताट वाढणं. ताट अर्थात त्यांनी स्वतःच वाढून घेतलं होतं.

पुढचे चार महिने आमच्या टेबलावर जेवणापेक्षा कागद जास्त होते. एकट्या मामाच्या नावावर घेतलं तर बाकीच्या दोघांना आधार काय? तिघांच्या नावावर घेतलं तर सारखे हिस्से की पैशांप्रमाणे? एकजण गेला तर त्याचा हिस्सा उरलेल्या दोघांकडे जाणार की त्याच्या वारसांकडे? मामाला वारस नाहीत, मग त्याचं काय? हे बाबा मामाच्या तोंडावर विचारत होते आणि मामा बिस्किट चहात बुडवून शांतपणे ऐकत होता. भागीदारी केली तर एकाच्या चुकीचा भार तिघांवर. विश्वस्त निधी केला तर विश्वस्त कोण? प्रत्येक पर्यायाला बाबांनी एक वही केली. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करते, म्हणून वह्यांमधल्या शुद्धलेखनाची जबाबदारी माझी.

मग बाबांनी सल्लागार शोधून काढला. त्याची केबिन काचेची होती, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड होतं, आणि त्या झाडावर खरी धूळ होती. मामा कामावरून तसाच आला होता, म्हणून तो खुर्चीच्या अगदी कडेला, गादीला ग्रीस लागू नये असा बसला. सल्लागाराने चौघांकडे पाहिलं आणि गंभीर आवाजात विचारलं, "तुम्हाला घर घ्यायचंय, की मालमत्ता धारण करायचीय?"

बाबांचा चेहरा उजळला. असा प्रश्न त्यांना आयुष्यात कोणी विचारला नव्हता.

"मला भाडं यायला हवंय," मामा म्हणाला.

सल्लागार समजूतदारपणे हसला आणि त्याने एक आकृती काढली. वर तीन चौकोन, मध्ये एक मोठा चौकोन, खाली एक छोटं घर, आणि सगळीकडे बाण. मधला चौकोन म्हणजे कंपनी. कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती असते, तो म्हणाला. उद्या भाडेकरूने दावा लावला तर तो कंपनीवर लागेल, तुमच्या अंगाला झळ लागणार नाही. भाडेकरू कशासाठी दावा लावेल, हे मामाने विचारलं. सल्लागार म्हणाला, सांगता येत नाही. या उत्तराने बाबांची खात्रीच पटली.

अशी 'अढळ मालमत्ता लिमिटेड' जन्माला आली. भागधारक तिघे, संचालकही तेच. पैसे मामाचे निम्मे, पण मत प्रत्येकाला एक, कारण बाबांच्या शब्दांत सांगायचं तर, "भावंडांमध्ये कसलं आलंय कमीजास्त?" अध्यक्ष आई. बाबांनी स्वतः एक छदामही घातला नव्हता, त्यामुळे ते कोणीच नव्हते. कोणीच नसलेल्या माणसासाठी त्यांनी 'मानद सचिव' हे पद तयार केलं आणि नियमावलीची एकोणीस पानं लिहून काढली. गोल शिक्का बनवून आणला. पहिल्या आठवड्यात तो शिक्का वर्तमानपत्रावर, माझ्या बस पासावर आणि साखरेच्या डब्यावर उमटला. बाबांनी जिथे पेन्सिलीने खूण केली होती तिथे मामाने सह्या केल्या, एकूण सव्वीस.

कंपनीची नोंदणी झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी मामा त्या इमारतीत लिफ्टचा दोर तपासायला गेला होता. तिसऱ्या मजल्यावर सामान चढत होतं. फ्लॅट विकला गेला होता. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका गृहस्थाने तो घेतला होता, आणि पाहिल्यापासून किल्ली हातात येईपर्यंत त्याला नऊ दिवस लागले होते. मामाने त्याला विचारलं, कुणाच्या नावावर घेतलंत? "माझ्या," तो गृहस्थ म्हणाला, आणि हा माणूस असं का विचारतोय म्हणून मामाकडे बघत राहिला.

मामाने हे आम्हाला सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, बिचाऱ्याला योग्य सल्ला मिळाला नसणार.

पुढचे दहा महिने आमच्याकडे घर नसलेली कंपनी होती. कायद्याप्रमाणे तिची वार्षिक सभा झाली. इतिवृत्त मी टाइप केलं, म्हणून शब्दन् शब्द आठवतं: कंपनीकडे कोणतीही मालमत्ता नाही, ही बाब सभेने एकमताने संमत केली. मालमत्ता नसल्याचा हिशेब तपासणाऱ्या माणसाचं बिल मात्र आलं.

शेवटी दुसऱ्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या मिळाल्या. पहिल्यापेक्षा लहान आणि महाग, पण कंपनी किती दिवस रिकामी ठेवणार? थोडे पैसे कमी पडले तेव्हा बँकेकडे गेलो. बँकेतल्या बाईंनी कंपनीचे सगळे कागद शांतपणे पाहिले, बाजूला ठेवले आणि तिघांना आपापल्या घरादारासह वैयक्तिक हमी लिहून द्यायला सांगितली. ज्या झळीपासून वाचण्यासाठी चार महिने आणि सल्लागाराची फी खर्ची पडली होती, ती एका सहीत परत अंगावर आली. घरी आल्यावर बाबांनी हमीपत्राला अनुक्रमांक दिला.

भाडेकरू चांगली मिळाली. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एक बाई, एकट्या, वक्तशीर. भाडं एक तारखेला यायचं. सहाव्या महिन्यात स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. दुसऱ्या कुणी वाटी ठेवली असती आणि विसरलं असतं; पण दिवसभर टिकटिक ऐकणाऱ्या माणसाला बेताल ठिबकणं सोसत नाही. त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं.

बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी पत्र दोनदा वाचून दाखवलं. कंपनीला आलेलं ते पहिलंच पत्र. नियमावलीतल्या अकराव्या कलमाप्रमाणे दुरुस्तीसाठी तीन दरपत्रकं मागवायची होती, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा होता आणि ठराव तिन्ही संचालकांकडे सहीसाठी फिरवायचा होता. दोन प्लंबरांनी एवढ्याशा कामाचा दर लिहून द्यायला साफ नकार दिला. ठराव धाकट्या मामाच्या दुकानात पडद्यांच्या गठ्ठ्याखाली गेला. सव्वीस दिवस झाले. बाई रोज नळाला फडकं बांधून झोपायच्या.

सत्ताविसाव्या दिवशी मामा कामावरून परत जाताना तिथे थांबला, खिशातून वायसर काढला आणि दहा मिनिटांत नळाचं गळणं बंद करून घरी गेला.

चार दिवसांनी मामाला टपालाने कंपनीचं पत्र मिळालं. संचालकाने मंजुरीविना कंपनीच्या मालमत्तेत हस्तक्षेप केल्याबद्दल खुलासा मागवला होता. हेही पत्र मीच टाइप केलं होतं आणि त्याची मला अजून लाज वाटते. मामा पत्र घेऊन आमच्याकडे आला, आईच्या हातात दिलं आणि यात काय लिहिलंय ते विचारलं. तिने वाचून दाखवलं. तो म्हणाला, "वायसरचे पैसे मी मागितलेच नाहीत." मग बाबांनी इतिवृत्तात अशी नोंद घातली की सदर वायसर कंपनीने संचालकांकडून भेट म्हणून स्वीकारला आहे. ते थट्टा करत नव्हते.

त्या संध्याकाळी आईने कपाटातून नियमावली काढून घेतली आणि पुढचे बरेच दिवस ती तिच्या पर्समध्ये होती. हॉस्पिटलात दोन फोनांच्या मधल्या वेळात ती एकोणीस पानं वाचत असणार, असं मला आता वाटतं.

दोन वर्षं झाली. घड्याळवाल्या बाई मुलीकडे राहायला जायचं ठरवून तसं कळवून मोकळ्या झाल्या. त्याच महिन्यात मामाच्या खोलीच्या मालकांनी आपलं घर विकायला काढलं आणि त्याला तीन महिन्यांत जागा सोडायला सांगितलं. मामा त्याच वर्षी निवृत्त होणार होता. जिना चढताना तो दर दोन-चार पायऱ्यांवर कठड्याला धरून थांबायला लागला होता. सगळं इतकं नीट जुळून आलं होतं की आमच्यापैकी कुणालाही त्यात अडचण दिसली नाही.

"ती जागा रिकामी होतेय," तो आईला म्हणाला. "मीच जाऊन राहतो तिथे."

"राहा ना, दादा," बाबा तत्परतेने म्हणाले. "तुमचंच आहे. फक्त रीतसर अर्ज करा."

अर्जाचा नमुना बाबांनी केव्हाच करून ठेवला होता. त्याप्रमाणे भाडेकरूला मागच्या सहा महिन्यांच्या पगाराचा दाखला लागत होता आणि पुढे पगार चालू राहील याची खात्री. निवृत्त माणसाला जामीनदार हवा. जामीनदार कंपनीचा संचालक किंवा त्याचा नातेवाईक असता कामा नये. मामाच्या आयुष्यात नातेवाइकांखेरीज होत्या त्या फक्त लिफ्टा. थोडक्यात, ज्या घरात त्याचे निम्मे पैसे होते त्या घराचा भाडेकरू व्हायला तो अपात्र ठरत होता.

बाबांनाही हे जरा जास्तच झालंय असं वाटलं असावं, कारण त्यांनी विशेष सभा बोलावली. शनिवारी दुपारी, आमच्याच टेबलावर. बाबांनी विषयपत्रिका वाचली. धाकटा मामा टेबलावरच्या प्लास्टिकच्या कापडाची सुटलेली कड दाबत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला की दादाने राहायला हरकत नाही, पण भाडं बाजारभावाने द्यावं. सूट वगैरे नको. त्यालाही संसार आहे.

मामाच्या निवृत्तिवेतनात बाजारभावाचं भाडं बसत नव्हतं. हे टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"नको मग," मामा म्हणाला. "मी दुसरीकडे खोली बघतो." त्याच्या आवाजात राग नव्हता. तो टोपी उचलायला लागला, आणि तेच फार वाईट होतं.

"बस, दादा," आई म्हणाली. मग ती बाबांकडे वळली. "या कंपनीचा अध्यक्ष कोण आहे?"

"तू," बाबा म्हणाले. "म्हणजे, कागदोपत्री."

"कागदाबद्दलच बोलतेय मी." तिने पर्समधून नियमावली काढली. पानांच्या कडा मऊ झाल्या होत्या. "दादाने अर्धे पैसे घातले. त्याला एकच मत का?"

"भावंडांत समानता असावी म्हणून. तेव्हा सगळ्यांनी मान्य केलं होतं."

"समानता नव्हे ती. एक मत दादाचं. माझं तुम्ही ठरवणार, आणि धाकट्याला तुम्ही पटवणार. पैसे न घालता तुम्हाला दोन मतं मिळाली."

बाबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात आईने त्यांना चारचौघांत कधी असं सुनावलं नव्हतं, आणि आताही ती सुनावल्यासारखी बोलली नव्हती. टेलिफोनवर नंबर सांगतात त्या आवाजात बोलली होती.

मग ती धाकट्या मामाकडे वळली आणि विचारलं, की तुला भाडं हवंय, की तुझे पैसे परत हवेत?

आधी त्याने काही नाही, काही नाही म्हणून टाळलं. मग सगळं बाहेर आलं. दुकान वर्षभर मंद होतं, समोरच मोठं दुकान उघडलं होतं. आपला हिस्सा काढून घ्यावा असं त्याच्या कितीदा मनात आलं. पण चौदाव्या कलमाप्रमाणे हिस्सा विकायला तिघांची लेखी संमती आणि दोन वेगवेगळ्या तज्ज्ञांचं मूल्यांकन लागत होतं, आणि मूल्यांकनाची फी विकणाऱ्याच्या माथी. म्हणजे दुकान बुडतंय हे सगळ्यांसमोर सांगायचं आणि वर त्यासाठी पैसे मोजायचे. त्यापेक्षा भाडं तरी पुरतं मिळू दे, एवढाच त्याचा विचार. भावाला बेघर करायचं त्याच्या मनात नव्हतं. मामाने टोपी परत खाली ठेवली.

"मला सांगायचंस की," मामा म्हणाला. "निवृत्तीचे पैसे येतायत ना माझे."

पुढचं अर्ध्या तासात ठरलं. धाकट्याचा चतकोर मामाने घ्यायचा, कंपनी बंद करायची, आणि घर दोघांच्या नावावर करायचं: पाऊण मामाचं, पाव आईचं. जागा रिकामी होताच मामाने तिथे राहायला जायचं, कागद मागून येतील. 'अढळ'च्या इतिहासात बाबांनी न लिहिलेला हा एकच ठराव.

ठरायला अर्धा तास लागला आणि अमलात यायला चौदा महिने. कंपनी उभी करायला सल्लागाराने जेवढी फी घेतली होती त्याच्या दीडपट ती मोडायला घेतली. मोडणं हे कौशल्याचं काम आहे, असं तो म्हणाला. घर कंपनीकडून आमच्याकडे यायचं म्हणजे पुन्हा खरेदीखत आणि पुन्हा मुद्रांक शुल्क. आपलंच घर आपणच आपल्याकडून दुसऱ्यांदा विकत घेणारी माणसं मी तरी आमच्याखेरीज पाहिलेली नाहीत.

बाबा काही दिवस जेवताना फक्त मीठ मागायला बोलायचे. एका सकाळी आईने त्यांच्यासमोर एक कोरा कागद ठेवला आणि सांगितलं की तिच्यात आणि दादात एक करार लिहून द्या, पण याच एका पानात मावला पाहिजे. त्यांनी आठवडाभर खपून तो लिहिला. समास त्यांनी जरा अरुंद घेतले हे खरं. पण दुरुस्तीचा खर्च कोणी किती करायचा, एकाला बाहेर पडायचं झालं तर किंमत कशी ठरवायची, आणि एकजण गेला तर त्याचा हिस्सा कुणाकडे, या तिन्ही गोष्टी त्यात इतक्या स्वच्छ लिहिलेल्या होत्या की सल्लागाराला त्यात स्वल्पविरामही बदलता आला नाही. मुद्रितं तपासून माझे डोळे जुने झालेत, मलाही नाही. बाबांच्या हातून झालेलं हे सर्वांत चांगलं काम, आणि त्याची फाइल करण्याजोगं जाड ते नव्हतं.

मामा आता तिथेच राहतो. भाडं येईल म्हणून घेतलेल्या घरातून अर्थात भाडं येत नाही. गुंतवणूक म्हणून पाहिलं तर ती साफ फसली, असं बाबा अधूनमधून आकडे मांडून सिद्ध करतात, आणि मामा ते मान हलवत ऐकून घेतो.

तो राहायला गेला त्या आठवड्यात आम्ही सगळे त्याच्याकडे गेलो होतो. सामान म्हणजे दोन पेट्या आणि एक खाट. पण भिंतीत पंधरा-सोळा खिळे ठोकलेले होते. एकावर बॅटरी, एकावर छत्री, एकावर पँट, एकावर नुसती सुतळी, काही रिकामेच. जुन्या खोलीच्या मालकाने चोवीस वर्षांत त्याला एकही खिळा ठोकू दिला नव्हता, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. एवढे कशाला, असं आईने विचारलं. "लागतील," तो म्हणाला.

बाबा हात मागे बांधून भिंतीपुढे उभे होते. पाव भिंत आईची आहे, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेलेला मला दिसला. मग खांद्यावरची पिशवी काढून त्यांनी एका रिकाम्या खिळ्याला अडकवली आणि चहा कुठवर आलाय ते बघायला स्वयंपाकघरात गेले.